व्यासपीठावर गप्प उभे राहिलेले दोघे

ऑक्टोबर १९७७. अमेरिकेतील इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात, माहिती-सिद्धान्तावरचा आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला होता. स्टॅनफर्डचे प्राध्यापक मार्टिन हेलमन निबंध वाचायला उभे राहिले. काम त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांबरोबर केलेले होते आणि एरवी ते विद्यार्थ्यांनीच मांडायचे. राल्फ मर्कल आणि स्टीफन पोहलिग व्यासपीठावर गुरूंच्या शेजारी उभेही होते. पण बोलले एकटे हेलमन. विद्यार्थ्यांनी तोंड उघडू नये, असा विद्यापीठाच्या वकिलांचा सल्ला होता.

सायबर सुरक्षेतील पदव्युत्तर पदवी हा आज जाहिरातींचा विषय आहे. प्रवेशाच्या हंगामात तिचे फायदे पगाराच्या आकड्यांसह सांगितले जातात. या शाखेचे पहिले विद्यार्थी तुरुंगाची भीती घेऊन शिकत होते, हे त्यात कुठे येत नाही.

मर्कलची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण ती अभ्यासक्रम नावाच्या वस्तूबद्दल बरेच काही सांगते. १९७४ साली बर्कलीमध्ये तो लान्स हॉफमन यांच्याकडे संगणक-सुरक्षेचा एक विषय शिकत होता. प्रकल्पासाठी त्याने प्रश्न निवडला तो असा: दोन माणसे कधी भेटलेली नाहीत, त्यांचे बोलणे तिसरा चोरून ऐकतो आहे, तरी त्या दोघांना आपसात एक गुपित ठरवता येईल का? तोवरच्या कूटलेखनाचे उत्तर साफ नाही असे होते. चावी आधी कुणीतरी विश्वासाने पोचवलीच पाहिजे. मर्कलचा तोडगा साधा होता. एकाने समजा दहा लाख कोडी उघडपणे पाठवायची. दुसऱ्याने त्यांतले कुठलेही एक सोडवायचे आणि आत सापडलेला क्रमांक कळवायचा. त्याच कोड्यातली चावी मग दोघांची. चोरून ऐकणाऱ्याला ते कोडे कोणते हे ठाऊक नसते, म्हणून त्याला सरासरीने पाच लाख कोडी सोडवावी लागतात. शिक्षकांना हे वर्णन गोंधळाचे वाटले. सोबत सुचवलेला दुसरा प्रकल्प त्यांना बरा वाटला. मर्कलने विषयच सोडला. १९७५ मध्ये त्याने पाठवलेला लेख छापून यायला एप्रिल १९७८ उजाडला. दरम्यान नोव्हेंबर १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि हेलमन यांचा, याच प्रश्नाचे अधिक देखणे उत्तर देणारा निबंध प्रसिद्ध झाला होता. मर्कल स्टॅनफर्डला हेलमन यांच्या हाताखाली गेला. त्या चावीपद्धतीच्या नावात मर्कलचेही नाव हवे, असे हेलमन पुढे आवर्जून सांगत राहिले. मोठेपण म्हणतात ते हेच.

आता वकिलांकडे वळू. कूटलेखनाची साधने तेव्हा अमेरिकेच्या युद्धसाहित्याच्या यादीत होती आणि ती परदेशी पाठवायला परवाना लागे. जुलै १९७७ मध्ये जे. ए. मेयर नावाच्या गृहस्थांनी विद्युत अभियंत्यांच्या संस्थेला पत्र लिहिले, की असले निबंध छापणे आणि परदेशी श्रोत्यांपुढे वाचणे हाही निर्यात-कायद्याचा भंग ठरू शकेल. पत्रावर पत्ता घरचा होता. ते राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे, म्हणजे एनएसएचे, नोकर असल्याचे पत्रकारांनी शोधून काढले. स्टॅनफर्डच्या वकिलांच्या मते निबंध वाचणे कायदेशीरच होते; खटला झाला तर विद्यापीठ प्राध्यापकांच्या पाठीशी उभे राहील, पण शिक्षा झाली तर तुरुंगात त्यांच्याऐवजी कुणी जाऊ शकणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. विद्यार्थ्यांची गोष्ट आणखी वेगळी. नोकरी लागायच्या वयात काही वर्षे कोर्टात गेली तर उरते काय? दोघांनी आधी स्वतःच वाचायचे ठरवले होते. घरच्यांच्या काळजीने ते मागे हटले.

खटला झाला नाही. निबंध छापले गेले आणि विषय सर्वांसाठी खुला झाला. हे घडले नसते तर काय झाले असते, याचा अंदाज इंग्लंडवरून करता येतो. तिथल्या जीसीएचक्यू या सरकारी गुप्तखात्यात जेम्स एलिस आणि क्लिफर्ड कॉक्स यांनी याच कल्पना काही वर्षे आधी शोधल्या होत्या. कॉक्सला तर एका संध्याकाळी घरी बसल्या बसल्या सुचले, आणि घरी काही लिहायला मनाई असल्याने त्याने सगळे डोक्यातच ठेवले. हे जगाला कळले डिसेंबर १९९७ मध्ये. एलिस त्याच्या काही आठवडे आधीच वारले होते.

या विषयाला नोकऱ्या मिळवून दिल्या त्या मात्र निबंधांनी नव्हे, एका उपद्व्यापाने. तोही कॉर्नेलच्याच विद्यार्थ्याचा. २ नोव्हेंबर १९८८ रोजी पदव्युत्तर वर्गातल्या रॉबर्ट मॉरिसने स्वतःच्या प्रती काढत पसरणारी एक आज्ञावली जाळ्यात सोडली. एखाद्या यंत्रावर ती आधीच असली तरी दर सातांत एकदा पुन्हा घुसायचे, अशी तिची रचना होती. तेवढ्याने यंत्रे गुदमरली. सुमारे सहा हजार यंत्रे बाधित झाल्याचा अंदाज तेव्हा वर्तवला गेला. वडील एनएसएतच संगणक-सुरक्षेचे मुख्य शास्त्रज्ञ! त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात संकटकाळी धावून जाणारे पथक उभे राहिले. अशाच पथकांच्या मालिकेत भारताचे सर्ट-इन २००४ मध्ये आले. मॉरिसला दंड आणि समाजसेवेची शिक्षा झाली. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला.

वर्ग भरायला तरी वेळ लागलाच. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयात भूमितीतून कूटलेखनाकडे आलेल्या फ्रेड पायपर यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये माहिती-सुरक्षेची एमएस्सी सुरू झाली. असा अभ्यासक्रम चालवणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांत तिची गणना होते. अमेरिकेत १९९९ मध्ये सात विद्यापीठांना या विषयाची उत्कृष्टता केंद्रे म्हणून मान्यता मिळाली. मान्यता देणारी संस्था एनएसए. त्यानंतर सरकारी शिष्यवृत्ती आली: शिक्षणाचा खर्च सरकारचा, बदल्यात तितकाच काळ सरकारी सेवा.

ही शिष्यवृत्ती नागरिकांना आणि कायम वास्तव्याचा परवाना असणाऱ्यांनाच मिळते. पुण्या-नाशिकहून बँकेचे कर्ज काढून तिकडे एमएस करायला गेलेल्या मुलाला ती नाही, आणि गोपनीयतेची छाननी लागणाऱ्या सरकारी जागाही नाहीत. त्याची वाट बँका, सॉफ्टवेअर कंपन्या, हल्ल्यांचा माग काढणारी रात्रपाळीची केंद्रे यांच्याकडे जाते. मर्कल आणि पोहलिग यांचे निबंध मात्र त्याला पहिल्याच सत्रात उघडपणे शिकवले जातात.