एक जून

आमच्या घरात थोरल्या भावाचा, म्हणजे आण्णाचा, आणि माझा वाढदिवस एकाच दिवशी येतो. कागदावर. आण्णाचा 1 जून 1960 आणि माझा 1 जून 1968. माय सांगायची, आण्णा ज्वारीच्या काढणीत झाला अन् तू पोळ्यानंतर चौथ्या दिवशी. पण मायचं सांगणं रजिस्टरात चढत नसतं. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन दुसऱ्या बाजूचा कान धरायला लावायचे. कानाला हात पुरला की सहा वर्षं पुरी झाली. शाळा जूनमध्ये भरते, म्हणून जन्म 1 जूनचा. घाटनांदूरच्या बाजारात साठीच्या आसपासची दहा माणसं उभी करून विचारा, चार-पाच तरी 1 जूनचीच निघतील. उभ्या महाराष्ट्रात हीच तऱ्हा. दर वर्षी 31 मे रोजी सरकारी नोकरांची एवढी मोठी रांग निवृत्त का होते, त्याचं कारण हेच.

लेकरांच्या शाळेचं नियोजन म्हटलं की आता वेळापत्रक, शिकवणी, डबा असं काहीबाही डोळ्यापुढं येतं. आमच्याकडं मात्र नियोजन म्हणजे कागद. कागद असला तर लेकरू शाळेत, नसला तर शेतात. हे मला उशिरा कळलं.

आज्जाच्या काळी तर कागद वाचायचीच पंचाईत होती. मुलूख निजामाचा. 1884 पासून राज्यकारभाराची भाषा उर्दू. घरी मराठी बोलायची, हिशेब मोडीत लिहायचा आणि कचेरीतून कागद यायचा तो उर्दूत. सालसुद्धा आपलं नाही, फसली. आमच्या पेटीत आज्जाच्या नावाचा एक कागद आहे, त्यावर फसली 1347 आहे. त्यात 590 मिळवले की 1937 येतात. आज्जा तो कागद उर्दू येणाऱ्याकडं नेऊन वाचून घ्यायचा, आणि वाचणाऱ्यानं सांगितलं त्यावर विश्वास ठेवायचा. दुसरा इलाज नव्हता. वरचं शिक्षण उर्दूतून, म्हणून मराठी पोरं खालच्या वर्गातच गळायची. अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरीची शाळा होती. स्वामी रामानंद तीर्थ 1938 च्या सत्याग्रहात उतरले त्याच्या आधी तिथं शिकवत होते. पुढं हैदराबादचा मुक्तिसंग्राम ज्यांनी चालवला ते स्वामीजी मुळात मास्तर, हे लोक विसरतात. पण ती शाळा आमच्या आज्जापासून लांबच राहिली. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य गेलं तेव्हा आमचे वडील लहान होते. ते चार बुकं शिकले, मराठीतून.

वडिलांची कागद ठेवायची पद्धत म्हणजे तार. आढ्याला टांगलेली, खाली वाकवलेली. शेतसाऱ्याची पावती, सोसायटीचा कागद, लग्नपत्रिका, सगळं एकाच तारेला टोचलेलं. खालचा कागद काढायचा तर वरचे सगळे काढावे लागायचे. धुरानं काळे झालेले, मधोमध भोक पडलेले. त्या तारेवर आण्णाच्या शाळेचा एकही कागद नव्हता.

1972 चा दुष्काळ आला तेव्हा आण्णा सहावीला होता. विहिरीला पाणी नाही, बैलांना कडबा नाही. खडी फोडायची कामं निघाली होती, पण वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली आणि आम्ही सगळेच ऊसतोडीला गेलो. मी चार वर्षांचा. मला आठवतो तो फक्त कोपीतला वाढ्यांचा वास. बीड जिल्ह्यातून कोयत्याला जाणाऱ्यांचा लोंढा त्या दुष्काळानंतर वाढला तो वाढलाच. कारखान्याजवळच्या गावात एक शाळा होती. आण्णा दोन-अडीच महिने तिथं जाऊन बसला. नाव घातलेलं नव्हतं, नुसता बसायचा.

उन्हाळ्यात परत आलो. इकडच्या शाळेनं तोवर नाव कमी केलेलं. तिकडच्या शाळेत नाव नसल्यामुळं तिकडचा दाखला मिळायचा प्रश्नच नव्हता. "दाखला आणा, मग बघू," असं सांगितलं गेलं. वडील दोनदा जाऊन आले आणि तिसऱ्यांदा गेले नाहीत. पुढच्या हंगामात आण्णाच्या हातात कोयता आला. बारा-तेरा वर्षांचा पोरगा, हुशार होता म्हणतात. कदाचित सगळ्याच शाळा सुटलेल्यांबद्दल असं म्हणतात. पण तो आजही माझ्यापेक्षा लवकर तोंडी हिशेब करतो, हे खरं.

माझ्या वेळी मायनं वडिलांचं ऐकलं नाही. 1974 साली मला शाळेत घातलं आणि दिवाळीनंतर सगळे गेले तेव्हा मला आज्जीपाशी ठेवलं. "ह्येचं नाव कमी होऊ द्यायचं न्हाई," एवढंच ती म्हणाली. आण्णाच्या कोयत्यावर माझी शाळा झाली. बारावी झालो, आडतीवर हिशेब लिहायला लागलो.

मला लेकरं झाली तेव्हा मी तार काढून टाकली आणि मायच्या लग्नातली पत्र्याची पेटी कागदांसाठी घेतली. मुलीच्या कागदांचं लाल बासन, मुलाच्या कागदांचं निळं. पोथ्या बांधतात तसं. जन्माचा दाखला, गुणपत्रकं, निर्गम उतारा, जातीचा दाखला. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत कधी संपते ते भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनानं लिहायचं. प्रत्येकाच्या दहा झेरॉक्स. बायको म्हणायची, "पोरीचा अभ्यास कमी अन् तुमचा जास्त."

तरी 2016 साली मुलीच्या प्रवेशाला अडलंच. माझ्या नावापुढं एका कागदावर 'राव' होतं, दुसऱ्यावर नव्हतं. खिडकीवरच्या माणसानं दोन्ही कागद शेजारी धरले आणि परत केले. प्रतिज्ञापत्र करून येईपर्यंत पहिली फेरी गेली. दुसऱ्या फेरीत मिळालं, पण हवं ते कॉलेज नाही. मी दोन दिवस जेवलो नाही. पोरगीच म्हणाली, "बाबा, तुम्ही कागद नीट ठेवले होते. लिहिणाऱ्यांनी नीट लिहिले नव्हते." आता ती सगळं फोनमध्ये ठेवते. तरी पेटी आहे.

त्याच सुमारास मी पहिल्यांदा शिक्षण हक्काचा कायदा नीट वाचला. 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्यात स्पष्ट लिहिलंय, दाखला यायला उशीर झाला म्हणून पोराला प्रवेश नाकारता येणार नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. मी ते कलम आण्णाला वाचून दाखवलं. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता. "कधीचा म्हणलास?" त्यानं विचारलं. मी साल सांगितलं. मग तो पाणी पाजायला गेला.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी आता गावात हंगामी वसतिगृहं चालतात. लेकरू बाहेरगावी गेलं तर शाळा तुटू नये म्हणून शिक्षण हमी पत्रक देतात. कुठं नीट चालतं, कुठं नावालाच. पण आई-बापाबरोबर फडात गेलेलं लेकरू अजूनही दिसतं, आणि ते दिसलं की मी आधी विचारतो, पत्रक घेतलंय का?

2025 च्या जूनमध्ये आण्णाला कागदोपत्री पासष्ट पुरी झाली. श्रावणबाळ योजनेसाठी वयाचा पुरावा पाहिजे. माय आता नाही, ज्वारीची काढणी पुरावा होत नाही. मी त्याला जुन्या शाळेत घेऊन गेलो. रजिस्टर काढलं. पानं तपकिरी, कडा कुरतडलेल्या, पण नाव होतं. जन्म 1 जून 1960. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण. मी वाचलं, "सतत गैरहजर."

"गैरहजर कुठं," आण्णा म्हणाला. "मी कारखान्यावरच्या शाळंत बसत हुतो की."

उताऱ्यावर सही-शिक्का झाला. बाहेर आल्यावर त्यानं स्वतःच तीन झेरॉक्स काढायला सांगितल्या. घरी येऊन पेटीपाशी बसला आणि म्हणाला, "माझं बी एक बासन बांध."

लाल आणि निळं कापड संपलं होतं. बायकोच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा काढला.