कान्हेरीचा बोधिसत्त्व व वसईचे पाद्री

इ. स. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन झाली व तिच्याबरोबर साष्टी बेटही गेले. त्या बेटावरील कान्हेरीच्या लेण्यांत फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियु दु पोर्तु शिरले ते अभ्यासक म्हणून नव्हे. तेथे राहणाऱ्या जोग्यांना त्यांनी बाप्तिस्मा दिला. चैत्यगृहाचे संत मायकेलचे प्रार्थनामंदिर झाले. परंतु या वास्तू कोणाच्या, हे कुतूहल त्यांनाही आवरेना. ते लेण्यांच्या भुयारांतून कित्येक दिवस हिंडल्याची हकीकत पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु याने दिली आहे.

याच कोतुच्या ग्रंथाचा १६१२ मध्ये प्रसिद्ध झालेला पाचवा खंड आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होय. साष्टीतील एका अतिवृद्ध गृहस्थाने कान्हेरीची लेणी संत जोसाफातच्या पित्याने पुत्राला कोंडून ठेवण्यासाठी खोदविली असे सांगितले, अशी नोंद त्यात आहे. हा जोसाफातच कदाचित ‘बुदाँव’ असावा, असा तर्क कोतु करतो.

जोसाफात हा ख्रिस्ती संतचरित्रांतील हिंदी राजपुत्र. त्याचे नाव ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचेच रूपांतर आहे. अरबीत ‘बूदासफ’ झाले. शब्दारंभीच्या ‘ब’खाली एक नुक्ता, ‘य’खाली दोन. एका नुक्त्याच्या घोटाळ्याने ‘यूदासफ’ झाले. पुढे जॉर्जियन ‘योदासफ’, ग्रीक ‘योआसाफ’ व शेवटी लॅटिन ‘योसाफात’.

मग त्या वृद्धाची साक्ष बौद्ध परंपरेचा अवशेष मानावी काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. कान्हेरीतील पारशी यात्रेकरूंचे पहलवी लेख १००९ व १०२१ मधील आहेत. त्यानंतर पाच शतकांहून अधिक काळ लोटला होता. शिवाय ‘जोसाफात’ हे रूप युरोपीय आहे. ते साष्टीत आले असेल तर पाद्र्यांच्या प्रवचनांतूनच. स्वतः कोतु सांगतो की, जोसाफातविषयी येथील लोकांस काही माहिती आहे काय, याचा आपण कसून शोध केला. बोलींची पाहणी करणाऱ्यास हा धोका परिचित आहे: विचारणारा जो शब्द उच्चारतो तोच पुष्कळदा उत्तरात परत येतो.

साक्ष अशी दुबळी असली, तरी दोन चरित्रांतील साम्य कोतुने अचूक हेरले. युरोपात लाबूले (१८५९) व लीब्रेख्त (१८६०) यांनी तेच सिद्ध केले, ते सुमारे अडीचशे वर्षांनंतर. रोमन संतसूचीत मात्र जोसाफातचा दिवस तोपर्यंत २७ नोव्हेंबरला नोंदलेलाच होता.