सिद्दींचे न धरलेले सुतक



गोव्यातून अनमोड घाट चढला की आपला जोयडा तालुका लागतो. जुन्या मंडळींच्या तोंडी तो अजून सुपेच. या रानात आणि शेजारच्या हल्याळ, यल्लापूर भागांत सिद्दी राहतात. त्यांच्यात हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान तिन्ही आहेत. आजचा प्रश्न ख्रिस्ती सिद्दींचा. ज्यांनी गुलाम केले त्यांचाच धर्म त्यांनी पुढेही का धरून ठेवला?

सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतल्या अनेकांना पोर्तुगीज जहाजांनी गोव्यात आणले. १५८३ साली गोव्यात आलेल्या लिन्स्कोटन या डच प्रवाशाने तिथल्या भर रस्त्यात माणसे गुरांसारखी विकली जात, असे लिहून ठेवले आहे. त्या रस्त्यावर चर्चही होते. गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने १५६७ मध्ये कोणाला गुलाम करणे न्याय्य, याच्या अटी घालून दिल्या. गुलामगिरीच अन्याय्य, असे काही म्हटले नाही. गुलामाला बाप्तिस्मा मिळे, पोर्तुगीज नाव मिळे. सुटका मिळत नसे.

ज्यांना जमले ते पळून घाटावर आले. १८४३ च्या पाचव्या कायद्यानंतर कंपनीच्या मुलखात गुलामावरचा मालकी हक्क कोर्टात चालेनासा झाला. पोर्तुगीज मुलखात गुलामगिरी रद्द करणारा हुकूम निघाला १८६९ साली. मधली सव्वीस वर्षे आपला घाटमाथा हीच कायद्याने गुलामी आणि मोकळीक यांमधली शीव होती.

पण घाट चढून दुःख संपले नाही. कर्जापायी कित्येक सिद्दी कुटुंबे इथल्या बागायतदारांकडे पिढ्यान्‌पिढ्या राबली. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा, आणि उत्तर कन्नडातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ मध्ये. तेव्हा बोट फक्त पोर्तुगिजांकडे दाखवून आपल्याला सुटता येणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हाच प्रश्न १९३५ साली श्रीलंकेत हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मोपदेशकाला एका वकिलाने विचारला होता. थर्मन यांची आजी स्वतः गुलामगिरीत जन्मलेली. त्यांचे उत्तर असे, की सत्तेने वापरलेला धर्म वेगळा आणि येशूचा वेगळा. येशू स्वतःच एका परतंत्र, गांजलेल्या समाजातला माणूस होता. हा विचार त्यांनी १९४९ च्या पुस्तकात सविस्तर मांडला. त्याआधी, २१ फेब्रुवारी १९३६ रोजी, ते बारडोलीला गांधीजींना भेटले. निघण्यापूर्वी गांधीजींनी त्यांच्याकडून गुलामांचे एक भजन मागून ऐकले. ते येशूच्या क्रूसमरणाचे शोकगीत होते.

मला वाटते, रानातल्या ख्रिस्ती सिद्दींनी मालकाचा देव ठेवून घेतला नाही. क्रुसावरच्या माणसात त्यांना आपलाच माणूस दिसला असावा. ज्यांचे मरण कोणी मोजले नाही, त्यांना शोक करायला तेवढी एक जागा उरली होती.

सुतक आपण रक्ताच्या नात्याचे धरतो. राष्ट्राचा शोक मात्र तेवढ्यावर थांबू नये. जहाजात, बाजारात आणि आपल्या बागांत खपलेल्या या माणसांची नोंद आपल्या तालुक्याच्या इतिहासात पहिल्या पानावर व्हावी. चर्चने आपला वाटा कबूल करावा, आणि आपण आपला.