अनेक वचनें आणि एक मोजणी

थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरीचें बेट आहे. १६७९ सालीं शिवाजी महाराजांनीं तेथें कोट बांधावयास घेतला, तेव्हां मुंबईकर इंग्रजांनीं समुद्रांत गलबतें आडवीं घातलीं. तरीहि थळच्या बाजूनें हलक्या होड्या रात्रीं रसद पोंचवीत. कोणती होडी आधीं येईल, कोणती मुळींच येणार नाहीं, हें बेटावर ठाऊक नसे; पण त्यासाठीं बांधकाम थांबवून चालण्यासारखें नव्हतें.

संगणकशास्त्रांतील एक प्रश्न असाच आहे. १९९५ सालीं ब्रेंडन आइक यांनीं नेटस्केप कंपनींत जावास्क्रिप्ट भाषा रचिली. तिच्यांत एका वेळीं एकच आज्ञा पाळली जाते. दूरच्या यंत्राकडे माहिती मागून ती स्वस्थ बसली, तर सारें पान गोठून जाई. म्हणून ‘उत्तर आलें कीं अमुक कर’ असा निरोप ठेवून पुढें जाण्याची रीत पडली.

एका मागणीस ही रीत पुरे. तीन उत्तरें जमल्यावरच काम करावयाचें असलें, तर मोजणी हातानें ठेवावी लागे: आरंभीं तीन, प्रत्येक उत्तरागणिक एक वजा, शून्य झालें कीं काम सुरू. एखादी मागणी फसली आणि ती मोजावयाची राहिली, तर शून्य कधींच येत नसे. आज्ञावली तक्रारहि करीत नसे. नुसती वाट पाहत राही.

पुढें मिळावयाच्या उत्तराला ‘प्रॉमिस’, म्हणजे वचन, हें नांव डॅनियल फ्रीडमन व डेव्हिड वाइज यांनीं १९७६ सालींच दिलें होतें. २०११ मध्यें जेक्वेरीच्या १.५ आवृत्तीनें ‘व्हेन’ ही सोय देऊन अनेक वचनें एकत्र बांधलीं. २०१५ च्या प्रमाणभाषेंत ‘प्रॉमिस ऑल’ आलें. उत्तरें कोणत्याहि क्रमानें येवोत, तीं मागणीच्या क्रमानेंच हातीं पडूं लागलीं.

मात्र त्याची अट कडक होती. एक वचन मोडलें, कीं बाकीचीं कामें मागें चालू असतांहि सारेंच फसलें असें तें जाहीर करी. पण एक होडी बुडाली म्हणून किनाऱ्यास लागलेल्या इतर होड्यांचें धान्य कोण टाकून देईल? प्रत्येक वचनाचा निकाल यशापयशासह सांगणारें ‘ऑल सेटल्ड’ २०२० सालीं आलें. तोंवर जाणकार प्रत्येक वचनाच्या अपयशालाच एक उत्तर मानीत, आणि मग सर्वांस ‘ऑल’च्या स्वाधीन करीत.

इंटरनेट एक्स्प्लोरर ११ मध्यें वचनें मुळींच नव्हतीं. तेथें बाहेरून ठिगळ जोडावें लागे. त्या ठिगळाच्या पोटांत तीच जुनी मोजणी होती. फरक इतकाच, कीं ती एकदां नीट लिहून, अपयशाचाहि हिशेब ठेवून, सर्वांच्या हातीं दिलेली होती.