'रामदास' बोटीचा अपघात व चित्रपटांतील जलप्रलय

बुडत्या जहाजातून सुटका करून घेणाऱ्या प्रवाशांची कथा चित्रपटसृष्टीस विशेष प्रिय आहे. रोनाल्ड नीम दिग्दर्शित 'द पोसायडन ॲडव्हेंचर' हा १९७२ सालचा चित्रपट ह्या प्रकाराचा आदर्श म्हणून गणला जातो. पॉल गॅलिको ह्यांच्या १९६९ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. नववर्षाच्या रात्री प्रचंड लाटेने जहाज उलथते, छताच्या जागी तळ येतो, आणि एका धर्मोपदेशकाच्या मागोमाग मूठभर माणसे तळाकडे, म्हणजेच वर, चढत जातात. धैर्य कोणाच्या अंगी आहे, हाच त्या कथेतील मुख्य प्रश्न होय. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही.

आपल्याकडील अनुभव निराळा आहे. गुरुवार, दिनांक १७ जुलै १९४७ रोजी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' ही बोट रेवसला निघाली. आषाढ अमावास्या तोंडावर आली होती. गावी जाणाऱ्या कोकणी माणसांनी बोट भरलेली होती. काशाच्या खडकानजीक, वादळी पावसात, ती बुडाली. ६०० हून अधिक माणसे दगावली.

ह्या बोटीची मालकी इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे होती. स्वदेशीच्या चळवळीतून जन्मलेल्या ह्या कंपनीस कोकणातील लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत, आणि बोटींना संतांची नावे दिली जात. ह्या आपलेपणाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, म्हणजे 'रामदास'च्या आधी वीस वर्षे, वादळात 'जयंती' व 'तुकाराम' ह्या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. तेव्हा १९४७ च्या घटनेस केवळ निसर्गाचा कोप म्हणणे मला सयुक्तिक वाटत नाही.

बोट बुडाली कशी, हे पाहू. सुमारे ४०० टनांची ही बोट १९३६ साली इंग्लंडमध्ये बांधली गेली होती. लाट व पाऊस एका बाजूने आदळू लागताच प्रवासी घाबरून दुसऱ्या बाजूस धावले. बोटीचा गुरुत्वमध्य त्या बाजूस सरकला, बोट कलली, आणि पुढील लाटेने ती उलटली. गोंदियासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यास ही गोष्ट परकी वाटू नये. वैनगंगेच्या पात्रात डोंग्यातून पलीकडे जाणारा मनुष्य डोंगा कलताच उठत नाही, जागीच बसून राहतो. त्यामागील भौतिक कारण तेच आहे. फरक एवढाच की डोंग्यात चार-पाच माणसे असतात आणि नावाडी प्रत्येकास हाक मारून बसवू शकतो. शेकडो भयभीत माणसांना, भर पावसात, कोण बसविणार?

येथे चित्रपट व इतिहास ह्यांच्या वाटा फुटतात. पोसायडन उलथल्यावरही अडकलेल्या हवेच्या जोरावर तासन्‌तास तरंगते, म्हणून नायकास पराक्रमाला अवसर मिळतो. 'रामदास' मात्र काही मिनिटांतच पाण्याखाली गेली. ज्यांना पोहता येत होते, ज्यांच्या हाती काही तरंगती वस्तू लागली, त्यांपैकी काही वाचले. जीवरक्षक साधने पुरेशी नव्हती. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रही नव्हते. त्यामुळे सकाळी घडलेली घटना मुंबईस कळली ती दुपारनंतर, पोहत किनाऱ्यास लागलेल्या माणसांच्या तोंडून. मधले ते काही तास हाच ह्या अपघाताच्या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, असे माझे मत आहे. सकाळीच संदेश गेला असता तर मदतीच्या नौका दुपारपर्यंत खोळंबल्या नसत्या.

त्या तासांत माणसे वाचविली ती कोळ्यांनी. रेवसकडील कोळी मासळी विकण्यासाठी मुंबईस निघाले होते. बुडणारी माणसे दृष्टीस पडताच त्यांनी मासळी समुद्रात लोटून दिली व नौकांत माणसांसाठी जागा केली. पोसायडनच्या कथेत सुटका करणारे शेवटी, जहाजाचा पत्रा कापून, क्षणभर दिसतात; त्यांना नावही नाही, कथाही नाही. 'रामदास'च्या वृत्तान्तात त्यांना मध्यवर्ती स्थान दिल्यावाचून वाचलेल्यांची हकीकत पूर्णच होत नाही. एका खेपेची मासळी म्हणजे कोळ्याच्या घरची कित्येक दिवसांची कमाई, हेही विसरता कामा नये.

अपघातानंतर चार आठवड्यांनी देश स्वतंत्र झाला. फाळणीच्या व सत्तांतराच्या बातम्यांच्या गर्दीत 'रामदास' मागे पडली, आणि तिची आठवण मुख्यतः कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, घराघरांतच राहिली. अशा प्रवासी बोटींवर बिनतारी यंत्र सक्तीचे झाले आणि पावसाळ्यात ही वाहतूक बंद ठेवण्यात येऊ लागली, ते त्यानंतरच.