‘अर्ध सत्य’ : वर्दीतल्या माणसाचे पापनिवेदन

साकीनाक्याजवळच्या खैरानी रोडवर सप्टेंबर २०२१ मध्ये एका उभ्या टेम्पोत एका स्त्रीवर अमानुष अत्याचार झाला आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात तिने प्राण सोडला. आरोपी काही तासांतच पकडला गेला. त्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांच्या मनात एकच विचार आला : खटला कशाला हवा? पोलिसांनी गोळी घालावी आणि मोकळे व्हावे. हा विचार सोबत घेऊनच आम्ही गोविंद निहलानी यांचा ‘अर्ध सत्य’ हा १९८३ सालचा चित्रपट पुन्हा पाहिला आणि तो पूर्वी आपल्याला नीटसा कळलाच नव्हता, हे जाणवले.

श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर हा चित्रपट आधारलेला आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची. आणि चित्रपटाचे नाव आले ते दिलीप चित्रे यांच्या कवितेतून. ज्या काळात तो घडला, तो काळही ध्यानात घ्यावयास हवा. जानेवारी १९८२ मध्ये वडाळ्याला मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. शहरातील पहिली ‘चकमक’ म्हणून ती ओळखली जाते. त्याच महिन्यात गिरणी संप सुरू झाला आणि ऑगस्टमध्ये खुद्द पोलीस शिपायांनीच बंड पुकारले.

त्यापूर्वी १० वर्षे ‘जंजीर’मधील संतप्त इन्स्पेक्टरने प्रेक्षकांच्या टाळ्या घेतल्या होत्या. निहलानींचा सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर टाळ्या मागत नाही. त्याला पुढे शिकावयाचे होते. वडिलांनी पोलिसात ढकलले. बालपणी आईला मार खाताना पाहूनही आपण काही करू शकलो नाही, हा सल त्याच्या मनात आहे. रामा शेट्टीसारखा गुंड राजकारणाच्या आश्रयाने मोठा होतो, अनंताच्या कामगिरीचे श्रेय दुसऱ्याच्या पदरात पडते आणि साठलेला सारा संताप बाहेर पडतो तो ट्रान्झिस्टर चोरणाऱ्या एका भुरट्या चोरावर. कोठडीत तो चोर मरतो. गुन्हेगार नव्हे, तर दुबळा माणूसच आपल्या क्रोधाचा बळी ठरतो, हे या चित्रपटाने किती निष्ठुरपणे दाखविले आहे!

निहलानी हे मूळचे छायालेखक; हा चित्रपटही त्यांनी स्वतःच चित्रित केला. त्यामुळे अंधार, अरुंद खोल्या आणि ओम पुरी यांचा खडबडीत, घामेजलेला चेहरा हेच कथेची भाषा होतात. सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी आवाज न चढविता भीती निर्माण करतो. ओम पुरी यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

आपल्या समाजाला मात्र नसीरुद्दीन शाह यांनी रंगविलेला माइक लोबो अधिक अस्वस्थ करील. हिंदी चित्रपटातील ख्रिस्ती माणूस म्हणजे दारुडा, ही आपली जुनी तक्रार. लोबोही दारूत बुडालेला, निलंबित इन्स्पेक्टर आहे. चित्रपट झळकला तेव्हा मुंबईचे पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो होते, हे आठवले की ही तक्रार अधिकच बोचते. तरीही लोबो हसे करण्यासाठी आणलेला नाही. तो वेलणकरासमोर धरलेला आरसा आहे : यंत्रणेने टाकून दिलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे तो आपल्या नुसत्या अस्तित्वाने सांगतो. दिग्दर्शकाने त्याला कणव दिली आहे, आणि कणव हा अपमान नव्हे.

अखेरीस कोठडीतील मृत्यूतून सुटण्यासाठी अनंत त्याच रामा शेट्टीच्या दारी जातो. शेट्टी त्याला आपला अंकित करू पाहतो, तेव्हा अनंत त्याचा गळा दाबतो. येथेच चित्रपट संपला असता, तर तो सूडकथा ठरला असता. पण अनंत स्वतःहून पोलीस ठाण्यात जातो आणि आपले कृत्य सांगतो. त्याचा क्रोध खरा होता, पण ते सत्य अर्धे होते. उरलेले अर्धे त्याने स्वतःच्या तोंडून कबूल केले. पिलाताने ख्रिस्ताला सत्याविषयी प्रश्न विचारला, उत्तरासाठी मात्र तो थांबला नाही आणि पुढे त्याने हात धुतले. अनंत हात धूत नाही.

साकीनाक्याच्या त्या खटल्यात न्यायालयाने जून २०२२ मध्ये आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली. गोळीपेक्षा खटला श्रेष्ठ, हे त्यातून सिद्ध झालेच. पण २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथात बदल करून देहदंड अग्राह्य ठरविला आहे. तेव्हा प्रश्न तेथेही संपत नाही. त्या अभागी स्त्रीसाठी प्रार्थना करणे आणि तिच्या मारेकऱ्याचा जीव न मागणे, ही दोन्ही ओझी एकाच वेळी वाहणे आपणा श्रद्धावंतांना जड जाते. आम्हालाही जाते. म्हणूनच येत्या उपवासकाळात जाणत्या मुलामुलींसह घरोघरी हा चित्रपट पाहिला जावा आणि नंतर थोडा वेळ दूरदर्शन संच बंद करून बोलणे व्हावे, असे आम्हाला मनापासून वाटते.