हत्ता, नंदभाषा आणि उघडा लिलाव

व्यापारी शिष्टाचारात बोलण्याइतकेच न बोलण्याचेही संकेत असतात. महाराष्ट्रातील बाजारपेठांपुरते बोलावयाचे तर याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे हत्ता पद्धत होय. खरेदीदार व अडत्या रुमालाखाली किंवा उपरण्याखाली हात घालीत. किती बोटे दाबली यावरून आकडा कळे, आणि तो आण्यांचा की रुपयांचा हे चालू दरावरून उभयतांना अवगत असे. एकामागून एक व्यापारी असा हात देऊन जाई. कोणी किती बोली केली हे दुसऱ्यास कळत नसल्याने कमी बोली करणाराचा मान राही व पेठेतील सलोखा टिके. या पद्धतीची ही बाजू नाकारण्याचे कारण नाही. तथापि हा सलोखा व्यापाऱ्याव्यापाऱ्यांतील होता. अवसरी बुद्रुकसारख्या गावाहून पेठेत माल घेऊन येणारा शेतकरी अशा सौद्यात शेजारी उभा असूनही, आपल्या मालास किती बोल्या आल्या व त्यांतील सर्वांत मोठी कोणती, हे जाणण्यास त्याला मार्ग नसे. अडत्याने सांगावा तो भाव! अडत्याने मर्जीतल्या व्यापाऱ्यास कमी भावाने माल दिला, तरी ते उघडकीस येणे कठीण.

तोंडाने बोलण्याची वेळ आलीच, तर नंदभाषा होती. केवली म्हणजे एक, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच. दलालांच्या या सांकेतिक बोलीची दखल मराठी कोशकारांनाही घ्यावी लागली.

हाताच्या खुणा मुळातच गुप्ततेसाठी असतात, असे मात्र नव्हे. १८४८ साली स्थापन झालेल्या शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडमधील सौद्यांत तळवा स्वतःकडे वळविला म्हणजे खरेदी व बाहेर वळविला म्हणजे विक्री, अशी रीत पडली. किंमत आरोळी देऊन व बोटे उंचावून, भोवतालच्या सर्वांस दिसेल अशी सांगावी लागे. तेथील वायद्यांचे असे बहुतेक सौदे २०१५ साली बंद झाले. बोटे तेथेही होती, रुमाल नव्हता.

इकडे रुमाल दूर सारण्याचे काम कायद्याने केले, तेही सावकाश. वऱ्हाडातील बाजारांचा कायदा १८९७ चा, मुंबई इलाख्यातील कापूसबाजारांचा १९२७ चा. १९२८ साली शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. त्यानंतर मुंबईचा १९३९ चा व महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा आला. या नियमनाखाली उघडा लिलाव ही विक्रीची मान्य रीत ठरली, आणि अवसरीजवळच्या मंचरसारख्या बाजारात बोली शेतकऱ्याच्या कानी पडू लागली. अडतीचे प्रकरण निराळे. ती शेतकऱ्याच्या पट्टीतूनच कापली जात राहिली. फळे व भाजीपाला यांवरील अडत खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला तो २०१६ साली.